अकरा व्हिडिओ पाहिले, पण एक नोंद जमेना : मोबाईलवर शिकताना नेमकं कुठं अडतं?

बेळगाव : पहिल्या अंतर्गत परीक्षेचे पेपर वाटून झाले होते. खानापूरकडच्या एका गावातून रोज बसनं ये-जा करणारी बी.कॉम. पहिल्या वर्षाची एक मुलगी पेपर हातात घेऊन तिथंच उभी राहिली. घसाऱ्याच्या गणिताला शून्य मार्क. "मॅडम, याचे मी अकरा व्हिडिओ बघितले होते," ती म्हणाली. मॅडमना आधी वाटलं, पोरगी थाप मारतेय. तिनं मोबाईल पुढं केला. यूट्यूबच्या हिस्टरीत खरंच अकरा व्हिडिओ होते, त्यातले दोन तर दोनदा पाहिलेले.

मॅडमनी तिला कोरा कागद दिला. एक लाखाचं यंत्र, दरवर्षी दहा टक्के घसारा, पहिल्या वर्षाची नोंद लिही. रक्कम तिनं लगेच सांगितली, दहा हजार. पण कुठलं खातं नावे आणि कुठलं जमा, इथं पेन थांबलं. उत्तर एका ओळीचं होतं : घसारा खाते नावे १०,०००, यंत्र खाते जमा १०,०००. अकरा व्हिडिओंत ही ओळ तिनं निदान अकरा वेळा पाहिली असणार.

या मॅडम बेळगावच्या एका कॉलेजात वीसहून जास्त वर्षं अकाउंट्स शिकवतात. मुलगी ओळखू येऊ नये म्हणून स्वतःचं आणि कॉलेजचं नाव देऊ नका, असं त्यांनी सांगितलं. "मोबाईल चांगला की वाईट, हा वाद मला नको," त्या म्हणाल्या. "तो पोरांच्या हातातून जाणार नाही. पण तो कुठपर्यंत शिकवतो आणि कुठं आपल्याला सोडून देतो, एवढं तरी पोरांना कुणीतरी सांगायला हवं की." त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून आणि थोडी माहिती जमवून हा लेख तयार झाला आहे.

अकरा व्हिडिओ का लागले?

सीमाभागातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पीयूसीला आणि डिग्रीला पुस्तक इंग्रजी. वर्गात शिकवणं इंग्रजीत, समजावताना कधी कन्नड, कधी मराठी, जसा वर्ग आणि जसा शिक्षक. हुशार मुलगाही पहिले सहा महिने शब्दांशीच झगडत असतो. विषय अवघड आहे की भाषा अवघड आहे, हेच त्याला कळत नाही. यातलीच काही मुलं "कॉमर्स आपल्याला झेपत नाही" म्हणून मधेच सोडतात.

इथं मोबाईलनं मोठं काम केलं आहे. सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि पुण्यात किंवा कोल्हापुरात बसून मराठीत अकाउंट्स शिकवणारा शिक्षक बेळगावच्या मुलाला घरबसल्या मिळू लागला. वर्गात एकदा ऐकलेलं निसटलं की पूर्वी ते गेलंच. आता ते थांबवून, मागं नेऊन परत ऐकता येतं. "चाळीस पोरांच्या वर्गात 'मॅडम, परत सांगा' म्हणायला लाजणारी मुलगी मोबाईलला दहा वेळा परत सांगायला लावते. हे मला नाही जमलं, मोबाईलला जमलं," असं मॅडम मोकळेपणानं सांगतात.

आणखी एक सोय फार कमी मुलांना माहीत आहे. महाराष्ट्राच्या बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवून घेता येतात, त्यात अकरावी-बारावीचं पुस्तपालनाचं मराठी पुस्तकही आहे. आपला अभ्यासक्रम वेगळा, परीक्षा वेगळी, हे खरं. पण नावे-जमेचा नियम शिनोळीची हद्द ओलांडताना बदलत नाही. इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण उघडण्याआधी त्याच विषयाची मराठी पानं वाचली तर निम्मी भीती जाते, असा मॅडमचा अनुभव आहे.

भाषांतराचं बटण आणि 'उत्कृष्ट पगार'

कॅमेरा पानावर धरला की इंग्रजी मजकूर मराठीत दिसतो. मुलं हे सर्रास करतात आणि त्यात गैर काही नाही. फक्त मशीनला तुम्ही अकाउंट्सचं पुस्तक वाचताय हे प्रत्येक वेळी कळतंच असं नाही. नेहमीच्या बोलण्यातला अर्थ तिनं उचलला की घोटाळा होतो.

मॅडमच्या वहीत अशा शब्दांची यादीच आहे. 'आउटस्टँडिंग सॅलरी' म्हणजे द्यायचा राहिलेला, अदत्त पगार. मुलांनी तो 'उत्कृष्ट पगार' असा लिहून आणला आहे. 'ड्रॉइंग्ज' म्हणजे मालकानं धंद्यातून केलेली उचल, ती 'चित्रे' होते. 'बॅड डेट्स' म्हणजे बुडीत येणं, त्याचं 'वाईट कर्ज' होतं. 'इंटरेस्ट'चं व्याज न होता 'आवड' होते.

यावर त्यांचा उपाय साधा आहे. वहीच्या शेवटच्या चार पानांवर स्वतःची शब्दांची यादी करायची. तीन रकाने : इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि एका ओळीत अर्थ. जर्नल म्हणजे रोजकीर्द, लेजर म्हणजे खातेवही, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद, डेटर म्हणजे ऋणको, क्रेडिटर म्हणजे धनको. शंभरेक शब्द झाले की पहिल्या वर्षाचं बहुतेक पुस्तक वाचता येतं. ही यादी मोबाईलमध्ये तयार मिळते. तरी ती हातानं लिहायला लावतात, कारण लिहिताना प्रत्येक शब्दावर क्षणभर थांबावं लागतं.

पाहिलं म्हणजे आलं, असं का वाटतं?

भाषा कळली, व्हिडिओ कळला, तरी त्या मुलीचं पेन का थांबलं? याचं उत्तर मानसशास्त्रात बऱ्यापैकी स्पष्ट मिळालेलं आहे.

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. पण आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत चित्र उलटं झालं. आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं.

अकरा व्हिडिओ पाहणं म्हणजे तेच पुन्हा पुन्हा वाचणं. प्रत्येक वेळी समोर तयार उत्तर दिसतं, ओळखीचं वाटतं आणि मन म्हणतं, हे येतंय मला. ओळखता येणं आणि स्वतःहून लिहिता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत, आणि पुढं एखाद्या सीएच्या ऑफिसात किंवा दुकानाच्या हिशेबाला बसल्यावरही, दुसरीच लागते. मॅडम म्हणतात, "माझ्या वेळी झेरॉक्स काढली की अभ्यास झाल्यासारखं वाटायचं. आता पीडीएफ डाउनलोड झाली की वाटतं. वर्गाच्या ग्रुपवर मी वर्षभरात साठ पीडीएफ टाकल्या. उघडल्या किती, हे विचारू नका."

यात लक्ष विचलित होण्याची भर पडते. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षणविषयक जागतिक अहवालात एका अभ्यासाचा दाखला आहे. त्यानुसार एकदा लक्ष उडालं की पुन्हा अभ्यासात पूर्ण यायला विद्यार्थ्याला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. तासभरात तीनदा नोटिफिकेशन वाजलं तर हिशेब तुम्हीच करा.

पंधरा मिनिटं मोबाईल, पंचवीस मिनिटं वही

त्या पेपरनंतर मॅडमनी वर्गाला एक पद्धत लावून दिली. नवीन काहीच नाही, असं त्या स्वतःच सांगतात.

आधी पंधरा मिनिटं व्हिडिओ, एकच. तोही गणित सुटायच्या आधी थांबवायचा. मग मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा, नुसता पालथा नाही. पंचवीस मिनिटं वहीत ते गणित स्वतः सोडवायचं, अडलं तरी. मग मोबाईल परत आणून उत्तर ताडून बघायचं आणि चूक लाल पेनानं लिहायची. ही लाल ओळ पुसायची नाही. आठवड्यानं तेच गणित आकडे बदलून, व्हिडिओ न बघता पुन्हा सोडवायचं.

यात व्हिडिओ थांबवणं सगळ्यात जड जातं. पुढचं उत्तर दिसणार असतं आणि हात थांबत नाही. पण अडल्यावर डोक्याला जो ताण येतो, त्यातच शिकणं होतं. तो ताण मोबाईल फार चटकन काढून घेतो.

उत्तर लिहून देणाऱ्या एआय ॲपचंही तेच. मुलं ती वापरतात, शिक्षकांना ते माहीत आहे. ही ॲप चुकीची बेरीजही अगदी ठामपणे मांडतात, हे मॅडमनी वर्गात दाखवून दिलं. त्यांचा सल्ला असा की एआयला उत्तर विचारू नका, प्रश्न मागा. 'घसाऱ्यावर सोपी ते अवघड अशी पाच गणितं दे' म्हटलं की सरावाला गणितं मिळतात. सोडवायची आपण.

घरातल्या मोबाईलमध्येच धडा

पुस्तकाबाहेरचा मोबाईल, म्हणजे पैसे पाठवणारा, बिलं साठवणारा, बँकेचे मेसेज आणणारा रोजचा मोबाईल, कॉमर्सच्या मुलाला सगळ्यात जास्त शिकवू शकतो, हे मॅडमचं आवडतं म्हणणं.

बँक जुळवणी पत्रक हा मुलांना नकोसा वाटणारा धडा. दुकानाच्या वहीतली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक का जुळत नाही, हे शोधायचं असतं. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालं आणि आता भाजीवाल्या मावशींच्या टोपलीतही क्यूआर कोड असतो. म्हणून मॅडम मुलांना सांगतात, महिनाभर तुमचा खर्च आणि जमा कागदावर लिहा, मग बँकेचं स्टेटमेंट उघडा. समजा वहीप्रमाणे शिल्लक २,४५० रुपये आहे आणि बँकेत २,३४४. फरक १०६ चा. शोधल्यावर निघतं की बँकेनं मेसेजचे १८ रुपये कापले, ३२ रुपये व्याज जमा केलं आणि चहा-वड्याचे दिलेले १२० रुपये वहीत लिहायचे राहिले. २,४५० मधून १८ आणि १२० वजा, त्यात ३२ मिळवा, झाले २,३४४. हा धडा त्या मुलांना पुन्हा शिकवावा लागत नाही.

दुसरा प्रयोग जीएसटीचा, आणि तो सीमाभागात जितका चांगला जमतो तितका क्वचितच कुठं जमेल. मुलांनी दुकानातली खरेदीची बिलं, मालकाची परवानगी घेऊन, फोटो काढून आणायची. विक्रेत्याच्या जीएसटी नंबरात पंधरा अक्षरं-आकडे असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. २९ म्हणजे कर्नाटक, २७ म्हणजे महाराष्ट्र, ३० म्हणजे गोवा.

आता बेळगावच्या दुकानदारानं हुबळीहून १०,००० रुपयांचा माल मागवला आणि दर १८ टक्के असला तर बिलावर केंद्राचे ९०० आणि राज्याचे ९०० असे दोन कर दिसतात. तोच माल कोल्हापूरच्या व्यापाऱ्यानं बेळगावच्या दुकानात पोचवला तर १,८०० रुपयांचा एकच, आयजीएसटी. कर तेवढाच, नोंद वेगळी. हुबळी आणि कोल्हापूर, दोन्हीकडची बिलं एकाच गल्लीत सापडतात ती आपल्याकडंच.

जुना व्हिडिओ, जुना दर

मोबाईलवर शिकण्यातला एक धोका कॉमर्सच्या मुलांनी विशेष लक्षात ठेवावा. व्हिडिओ जुना होतो, पण तो जुना झालाय हे तो स्वतः सांगत नाही.

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तेव्हापासून ५, १२, १८ आणि २८ टक्के असे मुख्य टप्पे शिकवले गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही रचना बदलली. आता मुख्य दर ५ आणि १८ टक्के, आणि ठरावीक चैनीच्या व अपायकारक वस्तूंना ४० टक्के. आधीचे हजारो व्हिडिओ मात्र तसेच आहेत, आणि जास्त पाहिले गेलेले असल्यानं शोधात तेच वर येऊ शकतात. आयकराचंही तसंच. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा आला, तो १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात 'मागील वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' ही जोडी जाऊन 'कर वर्ष' आलं. म्हणून कराचा कुठलाही व्हिडिओ लावण्याआधी त्याची तारीख बघायची आणि दर सरकारी संकेतस्थळावर किंवा शिक्षकांकडून पडताळायचा. नावे-जमेचा दहा वर्षं जुना व्हिडिओ चालतो, कराच्या दराचा गेल्या वर्षीचाही चालेलच असं नाही.

व्यवस्थित, क्रमानं शिकायचं असेल तर केंद्र सरकारचं 'स्वयम्' आहे, २०१७ पासून. कोर्स फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयम् मधून घेता येतात. मात्र आपल्या विद्यापीठानं तो कोर्स मान्य केलाय का, हे नाव नोंदवण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्यावं.

मोबाईल कुणाच्या हातात?

एवढं सगळं बोलून झाल्यावर मॅडमनी जो मुद्दा काढला, तो पालकांसाठी आहे.

'असर' संस्थेनं २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी केली. जवळपास नव्वद टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडं स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हेच प्रमाण १९.८ टक्के. पाहणी देशातल्या निवडक जिल्ह्यांतली आहे, पण चित्र आपल्या ओळखीचं आहे. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर कामावर जातो. रात्री आठला परत येतो. मग दादाची पाळी, मग धाकट्याचं कार्टून. मुलीच्या हातात येतो तेव्हा साडेदहा झालेले असतात आणि बॅटरी लाल असते.

अकरा व्हिडिओवाल्या मुलीचंही तसंच होतं. ते अकरा व्हिडिओ तिनं आईच्या फोनवर, रात्री अकरानंतर, आवाज अगदी बारीक करून पाहिले होते. वही उघडायची तर दिवा लावावा लागला असता आणि एका खोलीत सगळे झोपलेले. "हे तिनं सांगितलं तेव्हा मला माझीच लाज वाटली," मॅडम म्हणाल्या. "मी रात्री साडेनऊला लिंक टाकत होते आणि सकाळी दहाला उत्तर मागत होते."

त्यांनी तेव्हापासून तीन गोष्टी बदलल्या. गृहपाठाला निदान दोन दिवसांची मुदत. लिंकबरोबर तेच गणित फळ्यावरही, म्हणजे फोन नसला तरी अडू नये. आणि लांब व्हिडिओऐवजी पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज. तासाभराच्या साध्या दर्जाच्या व्हिडिओला अर्धा जीबीच्या घरात डेटा जातो, पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज एखाद्या एमबीत होतो. कणकुंबी-जांबोटीकडच्या जंगलपट्ट्यात रेंज मिळेलच असं नसतं. अशा वेळी बसस्टँडवर उतरवून घेतलेला मेसेज घरी रेंजशिवाय ऐकता येतो.

पालकांकडून त्यांची मागणी एवढीच आहे की मुलीला नवा फोन घेता आला नाही तरी चालेल, पण घरातला फोन संध्याकाळी एक ठरलेला तास तिच्या नावावर ठेवा. त्याच वेळी दिवा, वही आणि बसायला जागाही. फोन असून वही उघडता येत नसेल तर त्या फोनचा उपयोग नाही.

दुसरी परीक्षा

त्या मुलीनं आता कॉलेज सुटल्यावर बस येईपर्यंतचा पाऊण तास लायब्ररीत बसायला सुरुवात केली. व्हिडिओ मैत्रिणीच्या फोनवर, दोघींत मिळून एक. मग फोन बॅगेत आणि दोघी समोरासमोर वही घेऊन.

दुसऱ्या अंतर्गत परीक्षेत घसाऱ्याचं गणित पुन्हा आलं. या वेळी यंत्र १ ऑक्टोबरला घेतलेलं होतं आणि हिशेब ३१ मार्चला बंद करायचा होता, म्हणजे घसारा सहाच महिन्यांचा, ५,००० रुपये. वर्गातल्या बऱ्याच जणांनी वर्षभराचा, १०,००० लावला. तिनं ५,००० लावला आणि नोंदही बरोबर लिहिली. दहापैकी आठ मार्क. दोन कशाचे गेले, असं विचारल्यावर मॅडम हसल्या. "नोंदीखालचं स्पष्टीकरण लिहायचं राहिलं. ते लाल पेनानं लिहून आणायला सांगितलंय."